मातृवंदनेचे पैसे : अर्ज नेमका कुठे अडतो

"ताई, पैसा उना नही," म्हणजे पैसे आले नाहीत. खानदेशातल्या चोपडा-शिरपूर पट्ट्यात बाळंतिणीच्या घरी गेलं की पाणी हातात येण्याआधी हे वाक्य येतं. अर्ज भरलेला असतो, आशाताईंच्या वहीत नोंदही असते. तोवर बाळ पाच महिन्यांचं झालेलं असतं आणि आई कापूस वेचायला जाऊ लागलेली असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा पैसा खरं तर याच दिवसांसाठी आहे. मजुरी बुडते म्हणून बाईला लेकराला म्हातारीजवळ टाकून शेतात जावं लागू नये आणि पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध मिळावं, एवढ्यासाठी. म्हणून तो वेळेत यायला हवा.

आधी रकमा. पहिल्या बाळाला ५००० रुपये, दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की ३०००. बाळाची जन्मनोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या सगळ्या लसी झाल्या की २०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० एकरकमी, तेही जन्मानंतर. १ एप्रिल २०२२ पासून हे असं आहे. सरकारी नोकरीत असलेल्यांना योजना लागू नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी मिळणारे जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये हा वेगळा पैसा आहे. ते खात्यात आले की तोच पहिला हप्ता समजून कितीतरी जणी पुढची चौकशीच करत नाहीत.

अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताईंमार्फत भरतात, पैसे लागत नाहीत. आधार, स्वतःचं बँक किंवा पोस्टातलं खातं, माता-बाल संरक्षण कार्ड आणि पात्रतेचा एक कागद लागतो.

हा शेवटचा कागद सगळ्यात जास्त रडवतो. नवी सून असते. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केलेलं असतं, सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. मग कुणीतरी सांगतं, उत्पन्नाचा दाखला आणा, आणि आठव्या महिन्यातली बाई तहसीलच्या खेपा घालते. नियम असा आहे की ठरलेल्या यादीतला कुठलाही एकच पुरावा पुरतो. अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, अन्नसुरक्षेचं किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मान निधीत स्वतःच्या नावाची नोंद, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र, नाहीतर ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. यातलं काहीच हाताशी नसेल तर शेतमजूर बाईने आधी ई-श्रम कार्ड काढावं. ते आधारवरून ऑनलाइन निघतं, तहसीलचा जिना चढावा लागत नाही.

नवऱ्याचं आधार नव्या नियमांत सक्तीचं नाही. टाकून दिलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायकांचा विचार करूनच ही अट काढली आहे. तरी "मालकांचं आधार घेऊन या" म्हणून बाईला टेबलापासून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. याचा मला फार राग येतो. अशा वेळी मुकाट्याने परत फिरू नका. अट कुठल्या कागदात लिहिली आहे ते दाखवा, असं शांतपणे विचारा.

नावाचा घोळ तर घरोघरी आहे. आधारवर वडिलांचं नाव, पासबुकावर वडिलांचंच, आणि सिस्टरने कार्डावर लिहिलेलं नाव सासरचं. अर्ज इथे दुरुस्तीसाठी परत येतो आणि ते घरी कळतही नाही. गरोदरपणात आधारवरचं नाव बदलायला धावू नका, कारण आधार बदललं की बँकेतलं नावही बदलावं लागतं आणि त्यात महिने जातात. आधारवर जे अक्षर आहे तेच कार्डावर आणि अर्जात लिहायला सांगा. सासूबाई रुसल्या तर त्यांना समजावता येतं.

"खातं आधारला लिंक आहे" एवढ्यावर विसंबू नका. सरकारी पैसा डीबीटीने, म्हणजे थेट खात्यात येतो आणि बँकेने आधार सगळ्यात शेवटी ज्या खात्याशी जोडलं (याला सीडिंग म्हणतात) त्यात पडतो. लाडकी बहीणच्या वेळी, २०२४ मध्ये, अनेकींनी नवी खाती उघडली. जुनं पासबुक भरून आणतात, त्यात काही नसतं, आणि पैसा नव्या खात्यात पडून असतो. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात येतात, ते आधी तपासा. नवऱ्याबरोबरचं जोडखातं चालत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. माहेर सुरतेला असेल तर बाळाची जन्मनोंद सुरत महापालिकेतच होणार, कारण जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते. सासरच्या ग्रामपंचायतीत कितीही खेपा घातल्या तरी तो दाखला मिळणार नाही. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर फी लागत नाही. त्यामुळे सासरी निघण्याआधी दाखला पिशवीत आहे ना, बघा. धडगाव-अक्कलकुव्याकडे पाड्यावर बाळंतपण झालं असेल तर ग्रामसेवकाकडे लगेच कळवा. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो.

अर्जाची मुदत मात्र नीट वाचा. पहिल्या बाळासाठी ५७० दिवस आहेत, पण ते शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मोजतात, जन्मापासून नाही. बाळंतपणापर्यंत साधारण २८० दिवस संपलेले असतात, म्हणजे हातात उरतात साडेनऊ महिने. दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून २७० दिवस, म्हणजे नऊच महिने. "वर्षभर वेळ आहे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पहिल्या तपासणीला पाळीची तारीख आठवून सांगा. नेमकी आठवत नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर, तेवढं तरी सांगा. सिस्टर अंदाजाने तारीख टाकतात आणि पुढचा सगळा हिशेब तिच्यावर चालतो.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं तर पुढच्या गरोदरपणात तिला नव्याने पात्र धरतात. हे तिला कुणी सांगत नाही आणि ती स्वतः विचारायला जात नाही. जवळच्या बाईनेच जाऊन सांगावं.

दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतलं लेकरू दहाव्या आठवड्याची लस गावात घेतं आणि चौदाव्या आठवड्याची राहून जाते. ती एक लस राहिली की दोन हजार राहतात. ऊसतोडीच्या गावातल्या आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते, फक्त नोंद आपल्याच कार्डावर करून घ्यायची. कार्ड घरी पेटीत ठेवून जाऊ नका. टोळीबरोबर ट्रकमध्ये चढण्याआधी त्याचा आणि अर्जाच्या नंबराचा फोटो मोबाईलमध्ये काढा, आणि तोच फोटो गावातल्या आशाताईंनाही पाठवून ठेवा.