नौदलाचे जुने गणवेश : पारख आणि संग्रह

जुन्या नौदल गणवेशाचा काळ, हुद्दा आणि अस्सलपणा ठरवून तो जमवणे व जपणे हा एक अभ्यासाचा छंद आहे. ही नोंद ब्रिटनचे रॉयल नेव्ही आणि त्याच धर्तीचे रॉयल इंडियन नेव्ही यांच्या विसाव्या शतकातील गणवेशांपुरती आहे.

ब्रिटिश नौदलात अधिकाऱ्यांचा गणवेश १७४८ मध्ये ठरला, तर खलाशांना त्यासाठी १८५७ पर्यंत थांबावे लागले. अधिकारी आपला कोट खाजगी शिंप्याकडून शिवून घेत. त्यामुळे पारख आतल्या खिशापासून सुरू करावी. तिथल्या लेबलवर शिंप्याच्या नावाबरोबर अनेकदा गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख शाईने लिहिलेली सापडते. लेबलवर ‘गीव्हज अँड हॉक्स’ असे जोडनाव असेल, तर ते लेबल १९७४ नंतरचेच. मग विकणारा कोट महायुद्धातला आहे असे कितीही सांगो.

बाहीवरच्या सोनेरी फिती सर्वांत जास्त बोलतात. नियमित अधिकाऱ्याची फीत सरळ आणि वरच्या फितीला गोल वेटोळे. व्यापारी जहाजांवरून आलेल्या राखीव अधिकाऱ्यांच्या फिती एकमेकींत गुंफलेल्या, तर स्वयंसेवक राखीव दलाच्या नागमोडी. या दलाला ‘वेव्ही नेव्ही’ हे नाव पडले ते यावरूनच. नागमोडी फीत १९५१ मध्ये बंद झाली. फितींमधल्या कापडाचा रंग शाखा सांगतो : तांबडा डॉक्टरांचा, जांभळा इंजिनिअरांचा, पांढरा हिशेब-पगार शाखेचा. १९५५ नंतर वैद्यकीय शाखेसारखे अपवाद सोडता हे रंग गेले. दुसऱ्या महायुद्धात काटकसरीसाठी फीत बाहीच्या फक्त बाहेरच्या अर्ध्या भागावर लावत. अशी अर्धी फीत दिसली की संग्राहकाचे डोळे चमकतात, आणि ते योग्यच आहे.

मात्र एकाच खुणेवर काळ ठरवू नये. बढती मिळाली की त्याच कोटावर नवी फीत चढे, बटणे बदलली जात. फितीच्या कडेला टाक्यांची रिकामी भोके किंवा न विटलेल्या गडद कापडाचा पट्टा दिसला, तर तिथे आधी दुसरे काही होते हे नक्की. हा दोष नव्हे. एका माणसाच्या नोकरीचा तो अस्सल पुरावा आहे, आणि तो रफू करून पुसणे हे नुकसानच. जरीची जुनी फीत हिरवट-काळी पडते. प्लास्टिकच्या चकचकीत धाग्याची नवी फीत मात्र तशीच राहते.

बटणांवरचा मुकुटही तपासावा. १९०१ नंतरचा ट्यूडर मुकुट एलिझाबेथ द्वितीय यांच्या कारकिर्दीत जाऊन सेंट एडवर्डचा मुकुट आला. चार्ल्स तृतीय यांच्याबरोबर ट्यूडर परतला आहे, त्यामुळे अगदी नवे बटण जुने म्हणून गळ्यात पडू शकते.

खलाशांचे कपडे सरकारी असत, म्हणून त्यांवर लाकडी ठशाने रंगवलेले नाव शोधावे. युद्धकाळात गुप्ततेसाठी टोपीच्या फितीवर जहाजाचे नाव नसे, नुसते ‘एच.एम.एस.’ (हिज मॅजेस्टीज शिप) असे, भारतीय नौदलाच्या फितीवर ‘एच.एम.आय.एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप).

भारतीय गणवेशात १९५० हे वर्ष महत्त्वाचे : प्रजासत्ताकाबरोबर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘एच.एम.आय.एस. तलवार’ या किनाऱ्यावरील नौदल प्रशिक्षण केंद्रात सुरू झालेल्या नाविक उठावाशी एखाद्या गणवेशाचा संबंध सांगितला जात असेल, तर नाव, सेवाक्रमांक आणि कागदपत्रे जुळल्याशिवाय तो मानू नये. अ‍ॅडमिरल दर्जाच्या खांद्यावरील पट्ट्या डिसेंबर २०२३ मध्ये बदलल्या. नव्या पट्टीतला अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे आणि जुन्या पट्ट्या आता संग्रहाचा विषय झाल्या आहेत.

गणवेशाच्या सर्ज या लोकरी कापडाला कसर लागते आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बुरशी. कोट रुंद, कापड गुंडाळलेल्या हँगरवर, धुतलेल्या सुती खोळीत ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. जरीला ब्रासो लावू नये. गणवेश बाळगणे गुन्हा नाही, पण आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी तो घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.