ग्रॅगर

ज्यूंच्या पुरीमच्या सणाला सिनेगॉगमध्ये (त्यांच्या प्रार्थनास्थळात) बायबलमधलं एस्तेरचं पुस्तक वाचताना त्यातल्या खलनायकाचं, ज्यूंचा संहार करायला निघालेल्या हामानचं नाव आलं की जो खडखडा गरागरा फिरवतात तो ग्रॅगर. हे यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतलं नाव, हिब्रूत त्याला रआशान म्हणतात. दांड्याला दातेरी चाक पक्कं बसवलेलं असतं, त्याभोवती चौकट फिरते आणि चौकटीतली पातळ पट्टी एकेका दातावरून सटकत कर्रर्र आवाज काढते. लाकडी, पत्र्याचे, हौशी घरांत चांदीचेसुद्धा असतात.

खरा वाद उगमाचा आहे. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात (२५:१९) इस्राएलचा जुना शत्रू अमालेक याची आठवण पुसून टाका असा हुकूम आहे आणि हामान अगागी, म्हणजे अमालेकच्या राजाच्या वंशातला समजला जातो, तिथून हे सगळं सुरू झालं यावर फारसं दुमत नाही. साधारण १३व्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या अब्राहम बेन नाथानने लिहून ठेवलंय की पोरं गुळगुळीत दगडांवर हामानचं नाव लिहून नाव आलं की ते एकमेकांवर आपटायची. १६व्या शतकात पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे इसेर्लेस हीच प्रथा सांगतात, नाव पुसलं जाईपर्यंत आपटायचं, आणि वर बजावतात की कुठलीच प्रथा मोडू नये, तिची टिंगलही करू नये. बुटाच्या तळव्यावर नाव लिहून पाय आपटायची पद्धतही आहे. पण या दोघांच्या मजकुरात दातेरी चाक कुठेच नाही. ते बहुधा युरोपातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून आलं असावं, कारण ईस्टरआधीच्या दिवसांत चर्चच्या घंटा बंद ठेवून तिथे असेच लाकडी खडखडे वाजवायचे. काहीजण हामानचा पुतळा जाळायच्या जुन्या प्रथेशी धागा जोडतात (ती इ.स. ४०८ च्या रोमन कायद्याने बंद केली होती), पण तो जरा ओढूनताणून वाटतो.

एस्तेरच्या पुस्तकात हामानचं नाव ५४ वेळा येतं. वाचनाचा शब्द न् शब्द कानावर पडलाच पाहिजे असा नियम असल्यामुळे वाचणारा थांबतो, गोंगाट ओसरला की पुढे सरकतो, त्यामुळे पोरं जोरात असली की वाचन चांगलंच लांबतं. काही ठिकाणी, उदा. खाबाद या ज्यू पंथात, हामानच्या नावापुढे उपाधी (जसं की अगागी) असेल तेव्हाच वाजवतात.

कोकणातले बेने इस्राएल ज्यू पुरीमला होळीचा सण म्हणायचे, दोन्ही सण पौर्णिमेच्या आसपास आणि बऱ्याचदा लागूनच येतात.