मिक्सर घाट चढला, उतरवणार कोण?

आमच्या दाजींचा स्लॅबचा धंदा आहे. पिकअपच्या हौद्यात सेंट्रिंगच्या प्लेटा, मागे हुकाला लिफ्टवाला मिक्सर आणि वाईहून पसरणी घाटानं पाचगणीला, असा हंगामभर फेरा. यंदा दिवाळीपासून त्यांनी एकच धोशा लावला होता. "गाडी वढत न्हाई. ट्यूनिंग करून घेतो, वीस घोडं वाढत्याती म्हणं."

वीस घोडे खरंच कमी पडताहेत का, हे मी एकदा त्यांच्याच डिझेलच्या पावतीमागे मांडून बघितलं. एक अश्वशक्ती म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद. पिकअप, प्लेटा आणि मिक्सर मिळून चार टन धरू. शंभर मीटर पुढं गेल्यावर सहा मीटर उंची गाठणारा चढ आणि ताशी 30 किलोमीटरचा वेग, म्हणजे हे चार टन दर सेकंदाला अर्धा मीटर उचलले जातात. भागाकार केला की 27 घोडे येतात. टायर लोळवायला आणखी सात आणि गिअरबॉक्स, जॉइंट, क्राऊनमध्ये वाया जाणारे चार-पाच धरले, तरी हिशोब चाळिसाच्या आतच राहतो. या वर्गातल्या पिकअपचं इंजिन सत्तरच्या पुढचं असतं. घोडे तबेल्यात उभे आहेत, फक्त त्यांचा जोर चाकापर्यंत पोचत नाही.

तो कुठं गळतो, हे चाकाकडे बघूनच कळलं. मागच्या वर्षी दाजींनी रुबाबासाठी मोठे टायर घातले होते. चाक म्हणजे एक तरफच. आस ते जमीन हे अंतर जितकं जास्त, तितका जमिनीला मिळणारा रेटा कमी. 70 सेंटिमीटर व्यासाच्या जागी 76 चा टायर आला की रेटा आठ टक्क्यांनी उतरतो, प्रत्येक गिअरमध्ये. दाजी पैसे मोजून गाडीची ओढ विकत आले होते म्हणायचं! उलटा उपाय क्राऊन-पिनियनमध्ये, म्हणजे मागच्या आसातल्या मोठ्या-छोट्या दातेरी चक्रांच्या जोडीत असतो. पिनियनचे दाते 10 आणि क्राऊनचे 41 असतील तर गुणोत्तर 4.1 होतं. पिनियन 9 दात्यांचं घेतलं की तेच 4.56 होतं आणि चाकाचा जोर अकरा टक्क्यांनी वाढतो. हायवेवर मात्र त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि ॲव्हरेज पडतं. घाटातच पोट असलेल्या माणसानं हा सौदा करावा, पुणे-बेंगळुरू रस्त्यावर पळणाऱ्यानं करू नये. दाजींना एवढ्याचीही गरज नव्हती, जुने टायर घरामागं पडलेच होते.

खरी गंमत हुकात आहे. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं तोंड चढाला वर उठतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पिकअपचं तोंड तसं डोळ्यांना दिसेल एवढं उठत नाही, पण खेळ तसाच चालतो. हूक मागच्या आसाच्या 1.2 मीटर मागं आणि दोन आसांमधलं अंतर तीन मीटर असेल, तर हुकावर टेकलेले 100 किलो मागच्या आसावर 140 होऊन बसतात. वरचे 40 किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. सीसॉच आहे तो. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं, पुढच्या ब्रेकची पकड घटते आणि गाडी 'सुधारली' असं वाटतं.

मग हुकावर भारच टाकू नये का? ते त्याहून वाईट. ओढल्या जाणाऱ्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकात अडकणाऱ्या दांडीवर हवा, असा अमेरिकेत रूढ असलेला ठोकताळा आहे. त्यापेक्षा कमी असेल, किंवा बोजा मिक्सरच्या मागच्या अंगाला असेल, तर एका ठरावीक वेगाच्या पुढं मिक्सर शेपटासारखा हलायला लागतो. प्रत्येक झोक्याला तो वाढतो आणि शेवटी पिकअपलाच फिरवतो. दाजींचा गडी फावडी, घमेली आणि डिझेलचा कॅन मिक्सरच्या मागच्या बाजूला बांधायचा. सोयीचं पडायचं म्हणून, बाकी काही नाही. तेच सामान दांडीकडं आणलं आणि निम्मी वळवळ थांबली. खर्च शून्य.

पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवण्याचा सल्ला प्रत्येक गॅरेजवाला देतो. पाटा वाढला की गाडी बसत नाही, हे खरं. पण आस, बेअरिंग, ब्रेक होते तेच राहतात. पाटे वाढवणं म्हणजे वजनकाट्याची स्प्रिंग कडक करून वजन कमी झालं म्हणण्यासारखं आहे.

आता उतार. या प्रकरणी मी स्वतः घाबरलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर.

वाई ते पाचगणी साधारण सहाशे मीटरची चढाई. चार टन तेवढे वर नेले की त्यांत साडेतेवीस मेगाज्यूल ऊर्जा साठते. उतरताना ती कुठं तरी टाकावी लागते. टायर आणि हवा मिळून तिसरा हिस्सा खातात. राहिलेले सोळा मेगाज्यूल म्हणजे पन्नास लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता, आमच्या घरच्या तांब्याच्या बंबाचे अडीच बंब. मिक्सरला स्वतःचा ब्रेक नाही. (युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला तो सक्तीचा आहे.) त्यामुळं हे सगळं पिकअपच्या चार चाकांवर येतं.

मी घाबरलो त्या दिवशी दाजींनी डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकला होता. बुवासाहेबाच्या मंदिराच्या अलीकडं ब्रेकचं पॅडल गादीसारखं मऊ झालं आणि खाली गेलं. दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. मागच्या चाकाचा ब्रेक-ड्रम तापून फुगला, त्यामुळं त्याला आतून घासणारं लायनर आणि ड्रम यांमधलं अंतर वाढलं. आणि ब्रेक ऑइल उकळलं. हे तेल हवेतली ओल पीत राहतं. ताजं डॉट 3 प्रतीचं तेल 205 अंशांच्या पुढं उकळतं, ओल मुरलेलं 140 लाच. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यात जातो. हँडब्रेक आणि डोंगराकडची बाजू यांनी वाचवलं. गडी बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला धावला, त्याला ओरडून थांबवावं लागलं. तापलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असं गार केलं की तडकतं.

ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी. गिअरमध्ये असताना चाकंच इंजिनाला फिरवतात आणि उष्णतेचा मोठा वाटा इंजिन घेतं. डिझेल वाचतं म्हणाल तर आजच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेलचा फवारा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला डिझेल जळत राहतं. म्हणजे दाजी जीव धोक्यात घालून वर डिझेलही जास्त जाळत होते.

ट्यूनिंगनं घोडे वाढतात, हे खोटं नाही. जास्त डिझेल, जास्त टर्बोचा दाब. त्याबरोबर एक्झॉस्टची आच वाढते, रेडिएटर आणि क्लचप्लेट मात्र कंपनीनं दिलेलीच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळं गाडीच्या मूळ रचनेतले फेरफार अडचणीत आणतात आणि अपघातानंतर विमा कंपनीला नेमकं तेवढंच कारण पुरतं.

त्या पैशात दाजींनी पुस्तिकेत चालतं असं बघून डॉट 4 तेल भरलं, लायनर बदलले, हुकाला नवी पिन आणि दोन साखळ्या लावल्या, मूळ टायर परत चढवले. परवा पाचगणीहून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मंदिराजवळ थांबून मी मागच्या चाकाशी हात नेला, बरंच गरम होतं, पण पॅडल कडक होतं. दाजी नारळ वाढवून आले आणि म्हणाले, "समदं झ्याक झालं. आता त्या ट्यूनिंगचं कसं करायचं?"