‘तुम्ही कधी आले जी?’ : नागपुरी अदबीची पार्श्वभूमी

पुण्याहून बदली होऊन नागपूरला आलेल्या अधिकाऱ्याला कार्यालयातील शिपाई ‘साहेब, तुम्ही कधी आले जी?’ असे विचारतो, तेव्हा ‘आलात’मधला गळलेला ‘त’ त्या अधिकाऱ्याच्या कानाला प्रथम टोचतो आणि वाक्याच्या शेवटी ठेवलेला ‘जी’ ऐकूनही न ऐकल्यासारखा होतो. वास्तविक त्या प्रश्नातील सगळा आदर त्या ‘जी’मध्येच असतो. पुणेरी बोलणे अदब क्रियापदाच्या प्रत्ययात ठेवते, तर नागपुरी बोलणे ती संबोधनात ठेवते, आणि या एका फरकामुळे नागपूरकर उद्धट असतात असा समज अनेकांनी करून घेतला आहे.

हा ‘जी’ केवळ हिंदीची उसनवारी आहे, असे म्हणणे फारसे टिकत नाही. 13व्या शतकातील लीळाचरित्रात, म्हणजे विदर्भातीलच ऋद्धिपूरशी जोडलेल्या महानुभावांच्या ग्रंथात, भक्त चक्रधरस्वामींना उत्तर देताना ‘जी जी’ म्हणतात. पश्चिमेकडच्या बोलण्यातून तो पुढे मागे पडला. इकडे मात्र हिंदीच्या शेजारामुळे त्याला आधार मिळत राहिला असावा.

हा शेजार नागपूरच्या जडणघडणीतच आहे. छिंदवाड्याजवळच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 18व्या शतकाच्या आरंभी हे नगर वसवले. पुढे भोसल्यांबरोबर मराठी सरदार, कारकून आणि शेतकरी येथे आले. 1853 मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केले, 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. जबलपूर, रायपूर आणि चांदा यांचा कारभार एकाच शहरातून चालत असल्याने कचेरीत, न्यायालयात आणि बाजारात दोन्ही भाषांवाचून भागत नसे. जवळजवळ शतकभराची ही सवय 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेल्याने किंवा 1960 मध्ये महाराष्ट्र झाल्याने सुटणारी नव्हती. म्हणूनच इतवारीच्या बाजारपेठेत मराठी गिऱ्हाईक मराठी दुकानदाराशी आजही हिंदीत भाव करताना दिसते, आणि त्यात दोघांनाही वावगे वाटत नाही. ‘मी येतो आहे’ या अर्थाचा ‘मी येऊन राहिलो’ हा प्रयोगही याच सहवासाची खूण आहे. ‘काय बे?’मधल्या सलगीच्या ‘बे’चेही तसेच; तो बरोबरीच्या मित्रासाठी असतो, वडीलधाऱ्यापुढे कोणताही नागपूरकर तो उच्चारत नाही.

अभिवादनाचा इतिहास याहून अधिक खोल आणि वेदनेचा आहे. पूर्वी महार समाजातील माणसाने वरच्या मानल्या गेलेल्या जातीच्या माणसाला ‘जोहार’ घालायचा, असा दंडक होता; चोखामेळ्याच्या अभंगांतूनही हा ‘जोहार’ भेटतो. भेटीचा पहिला शब्दच माणसाची पायरी ठरवत असे. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवण्याचे श्रेय नागपूरजवळच्या कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास (1904–1939) यांना दिले जाते, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यानंतर ते घरोघरी पोहोचले. या दोन शब्दांत कोणी कोणापुढे वाकत नाही, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य आहे. आज ‘जय भीम’ला ‘जय भीम’, ‘राम राम’ला ‘राम राम’ आणि गोंड माणसाच्या ‘जय सेवा’ला ‘जय सेवा’ असे उत्तर देणे ही या शहरातील जाणत्यांची रीत आहे. समोरच्याचे अभिवादन मुद्दाम टाळून ‘नमस्कार’ म्हणणाऱ्याचा हेतू मात्र ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

प्रमाण मराठी शाळेतून घरात आली, तशी ‘तुम्ही आले’ची लाज वाटणारी एक पिढीही तयार झाली. तिची माणसे मुंबईच्या कार्यालयाशी फोनवर बोलताना ‘आपण केव्हा आलात?’ असे नीट विचारतात, आणि फोन ठेवून दारात उभ्या असलेल्या काकांना म्हणतात, ‘या न जी, बसा. कधी आले?’