बाउचरकॉन आणि अँथनी पुरस्कार : कोल्हापूरच्या वाचक-लेखकांसाठी पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

साहित्य पुरस्कार म्हटला की आपल्याला परीक्षक मंडळ आठवते. चार जाणती माणसे बसतात, ठरवतात आणि आपल्याला पेपरात बातमी वाचायला मिळते. बाउचरकॉन या रहस्यकथांच्या जागतिक अधिवेशनात दिल्या जाणाऱ्या अँथनी पुरस्कारांची रीत वेगळी आहे. तिथे पुस्तकांची नावे सदस्यच सुचवतात आणि शेवटचे मतही सदस्यच देतात. अधिवेशनाची फी भरलेला माणूस लेखक असो, निवृत्त शिक्षक असो की महाद्वार रोडवरचा दुकानदार, त्याच्या मताचे वजन सारखेच. म्हणून ही माहिती लेखकांइतकीच वाचकांसाठीही आहे. आधी वाचकांचे सांगतो, मग लेखकांचे. लेखकांची वाट लांबची आहे आणि तिच्यात आपली माणसे ज्या कागदापाशी अडतात, तो कागद कोल्हापुरातल्याच कुठल्यातरी कपाटात पडलेला असतो.

अधिवेशनाविषयी थोडे

पहिले बाउचरकॉन १९७० साली अमेरिकेत सांता मोनिका येथे भरले. अँथनी बाउचर या लेखक, संपादक आणि समीक्षकाचे नाव त्याला दिले आहे. आपल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनासारखेच याचेही गाव दरवर्षी बदलते आणि तिथले स्वयंसेवक ते पार पाडतात. बहुतेक वेळा ते अमेरिकेत होते. लंडन, नॉटिंगहॅम आणि टोरांटो येथेही झाले आहे. २०२४ ला नॅशव्हिल, २०२५ ला न्यू ऑर्लिन्स आणि २०२६ ला ऑक्टोबरमध्ये कॅनडातील कॅलगरी. ऑक्टोबर म्हणजे इकडे नवरात्र-दसऱ्याची धामधूम. जाणाऱ्याने घरच्यांशी आधी बोलून ठेवावे.

अँथनी पुरस्कार १९८६ पासून दिले जातात. कादंबरी, पहिली कादंबरी, थेट पेपरबॅकमध्ये आलेले पुस्तक, लघुकथा, समीक्षा किंवा कथेतर लेखन असे विभाग असतात. आधीच्या कॅलेंडर वर्षात प्रसिद्ध झालेले लेखन धरतात, म्हणजे २०२६ च्या पुरस्कारांसाठी २०२५ चे. मॅकॅव्हिटी, बॅरी आणि शेमस हे पुरस्कारही सहसा याच अधिवेशनात दिले जातात, पण ते वेगळ्या संस्थांचे आहेत आणि त्यांची निवडही त्या संस्था आपापल्या पद्धतीने करतात.

वाचक म्हणून जायचे असेल तर

पदवी, छापलेले पुस्तक किंवा कुठल्या संस्थेचे सभासदत्व लागत नाही. त्या वर्षीच्या अधिवेशनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फी ऑनलाइन भरायची, झाले. फी परकीय चलनात जाते, त्यामुळे कार्डावरचा आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहे ना ते आधी पाहावे. २०२० पासून नवीन कार्डे फक्त देशातल्या व्यवहारांसाठीच चालू करून मिळतात. बाकीचे बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन आपण सुरू करून घ्यायचे असते.

अर्जात नाव पासपोर्टावर आहे तसेच लिहा, अक्षरही इकडेतिकडे नको. आपल्याकडे आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे आणि लग्नानंतरच्या नावाचे गॅझेट तिसरे, असे घरोघरी असते. नोंदणीची पावती पुढे व्हिसाच्या अर्जाला जोडायची आहे, तेव्हा हा फरक तिथे नडतो. टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी ते नाव छातीवरच्या बिल्ल्यासाठी द्यावे, पावती मात्र खऱ्या नावाचीच घ्यावी.

नोंदणी झालेल्या सदस्यांना नामांकनाची पत्रिका मिळते. ती भरायला कॅलगरीला जावे लागत नाही, घरी बसून भरता येते. ज्यांना सर्वाधिक नामांकने मिळतात त्यांची अंतिम यादी होते. अंतिम मतदान अधिवेशनाला हजर असलेल्यांचे. मुदतीनंतर नोंदणी करणाऱ्याला नामांकनाची पत्रिका मिळत नाही, म्हणून मताचा हक्क पुरता वापरायचा असेल तर नोंदणी लवकर करावी.

पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्टासाठी आता पुण्याला जायची गरज नाही. कोल्हापुरात टपाल खात्याचे पासपोर्ट सेवा केंद्र आहे. कार्यालय मात्र पुण्याचेच लागू होते. ३६ पानी पासपोर्टाची साधी फी १५०० रुपये, तत्काळसाठी आणखी २००० रुपये. आधार आणि दहावीचे प्रमाणपत्र मूळ प्रतींसह न्यावे. पोलीस पडताळणी आपल्या हद्दीतल्या ठाण्याकडून होते, राजारामपुरी असो की जुना राजवाडा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भाडेकरार हाताशी ठेवावा.

कॅनडाचा व्हिसा हा खरा अभ्यासाचा विषय. अर्ज ऑनलाइन भरायचा. फी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे-फोटो यांचे ८५ डॉलर. फी भरल्यावर ठशांसाठी पत्र येते आणि ठसे देण्यासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते. ते केंद्र कोल्हापुरात नाही. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालात तर सकाळी मुंबईत काम होऊ शकते. एकदा दिलेले ठसे १० वर्षे चालतात.

व्हिसा अधिकाऱ्याला दोन गोष्टी पटवायच्या असतात : खर्च झेपतो आणि तुम्ही परत येणार आहात. नोकरदारांचे सोपे असते. पगाराच्या स्लिपा, रजा मंजुरीचे पत्र, आयकर विवरणपत्र आणि बँकेचे स्टेटमेंट जोडले की बहुतेक भागते. आपल्या जिल्ह्यात अडचण शेतकरी वाचकाची होते. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त, म्हणून विवरणपत्रात ते ठळकपणे दिसत नाही, आणि मग वर्षाकाठी चांगले पैसे मिळवणारा माणूस कागदावर रिकामा दिसतो. यावर उपाय आपल्याच कागदांत आहे. साखर कारखान्याची ऊसबिले, ती जमा झालेले बँक पासबुक, सातबारा आणि आठ अ. पासबुकातल्या नोंदी ऊसबिलांच्या तारखांशी आणि रकमांशी जुळवून खुणा करून द्याव्यात. एकदम मोठी रक्कम आली की अधिकारी विचारतो. शेजारी ऊसबिल असेल तर त्याला उत्तर मिळते.

सातबारा मराठीत असतो, त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावेच लागते. ते अर्जदाराने स्वतः किंवा घरच्या कुणी केलेले चालत नाही, कितीही चांगले इंग्रजी येत असले तरी. भाषांतर करणाऱ्याने प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. कोर्टाच्या आवारात नोटरीकडे ते करून मिळते. मूळ मराठी उताऱ्याची प्रमाणित प्रत, भाषांतर आणि प्रतिज्ञापत्र हे तिन्ही एकत्र स्कॅन करून एकाच फाइलमध्ये चढवावे. सोबत एक पानाचे साधे पत्र : मी कोण, काय वाचतो, अधिवेशन कुठल्या तारखांना आहे, कुठे राहणार, कधी परतणार. नोंदणीची पावती त्याला जोडावी. पत्र स्वतः लिहावे, एजंटाच्या ठरीव मजकुरावर सही करू नये.

अधिवेशन अमेरिकेत असेल त्या वर्षी डीएस-१६० हा अर्ज आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून गाव जाहीर झाल्यावर लगेच हालचाल करावी.

लेखक म्हणून जायचे असेल तर

इथे थोडे थांबून वाचा. मराठीत छापलेली रहस्य कादंबरी थेट अँथनीच्या यादीत जात नाही. मत देणारे लोक इंग्रजी वाचतात, त्यामुळे पुस्तक आधी इंग्रजीत यायला हवे. यात कमीपणा काही नाही. ज्यांच्या नावाने हे अधिवेशन भरते ते बाउचर स्वतः अनुवादक होते. अर्जेंटिनाच्या बोर्हेस यांची कथा १९४८ साली ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’मध्ये इंग्रजीत पहिल्यांदा छापली गेली ती त्यांच्याच अनुवादातून. त्याच मासिकात २००३ पासून ‘पासपोर्ट टू क्राइम’ नावाचे सदर आहे, ते इतर भाषांतून आलेल्या रहस्यकथांसाठीच. मराठी कथाकाराने सुरुवात करायची तर मला ही जागा कादंबरीपेक्षा जवळची वाटते.

पण अनुवाद कुणाच्या परवानगीने? मी म्हटले तो कपाटातला कागद हाच. मराठी पुस्तकाचा करार पुष्कळदा एका पानाचा असतो. तारीख, पुस्तकाचे नाव, मानधनाची रक्कम आणि एक वाक्य, ‘सदर पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकांकडे राहतील.’ खाली दोन सह्या. किती वर्षांसाठी, कुठल्या देशात, अनुवादाचे काय, यातले काहीच नाही. परदेशी संपादक पहिला प्रश्न विचारतो तो इंग्रजी अनुवादाच्या हक्काचा, आणि या कागदावर त्याचे उत्तर नसते.

कायदा अशा वेळी लेखकाच्या बाजूने बरेच काही सांगतो. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात अनुवादाचा हक्क हा मूळ हक्काचाच भाग आहे. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरतात. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही संपुष्टात येऊ शकतो, करारात वेगळे ठरले नसेल तर. म्हणजे वरच्या एका वाक्यावर परदेशातला इंग्रजी हक्क प्रकाशकाकडे गेला असे सहज म्हणता येत नाही. मात्र १९९४ ची दुरुस्ती अमलात येण्यापूर्वी, म्हणजे १० मे १९९५ च्या आधी केलेल्या करारांना मुदत, प्रदेश आणि वर्षभरातल्या वापराच्या या तरतुदी लागू नाहीत. जुन्या पॉकेटबुकांच्या बाबतीत हे नीट पाहावे लागते.

तरीही माझा सल्ला भांडण न करण्याचा आहे. प्रकाशकाकडे जाऊन एक पत्र मागावे : ‘या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाचे हक्क लेखकाकडे असून आमची हरकत नाही.’ लेटरहेड, तारीख, सही, शिक्का. बहुतेक मराठी प्रकाशक ते आनंदाने देतात, कारण इंग्रजी आवृत्ती त्यांना काढायची नसते. अनुवादकाशीही वेगळा लेखी करार करावा, कारण अनुवादावर त्याचा स्वतःचा हक्क असतो.

वारसांसाठी दोन शब्द. कोल्हापुरात अशी घरे आहेत जिथे आजोबांनी रहस्यकथा लिहिल्या आणि त्या माळ्यावर पडून आहेत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा वारस दाखला आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती जमवावी. पुस्तक टोपणनावाने निघाले असेल तर मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे मोजतात. लेखक कोण हे त्या मुदतीत जाहीर झाले असेल तर मात्र निधनापासून. टोपणनावामागचा माणूस कोण होता हे दाखवणारे जुने करार, मानधनाच्या पावत्या, संपादकांची पत्रे जपून ठेवा. अशी पत्रे रद्दीत गेली की माझ्या मनाला फार लागते.

स्वामित्व हक्काची नोंदणी सक्तीची नाही. हवी असल्यास साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. आयएसबीएन आपल्याकडे सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. इंग्रजी आवृत्तीला वेगळा घ्यावा.

अधिवेशनातल्या चर्चासत्रात बोलायचे असेल तरी लेखकाने फी भरून नोंदणी करायची असते. चर्चासत्रात जागा मिळेलच असे नाही. यजमान शहराच्या निमित्ताने अलीकडे दरवर्षी एक कथासंग्रहही निघतो. त्यासाठी अप्रकाशित इंग्रजी कथा मागवतात आणि त्याचे उत्पन्न सामाजिक कामाला जाते. पुस्तक नसलेल्यानेही इथे प्रयत्न करावा.

इतर पुरस्कारांचे थोडक्यात. एडगर पुरस्कार १९४६ पासून दिले जातात. अमेरिकेत त्या वर्षी इंग्रजीत पहिल्यांदा प्रसिद्ध झालेले लेखन त्यासाठी पाठवता येते आणि निर्णय परीक्षकांचा असतो. ब्रिटनच्या डॅगर पुरस्कारांत अनुवादित पुस्तकांचा वेगळा विभाग आहे, पुस्तक तिथला प्रकाशक पाठवतो. त्यांचाच एक विभाग अप्रकाशित लेखकांसाठी आहे. तिथे इंग्रजी कादंबरीचा सुरुवातीचा भाग आणि कथासार पाठवायचे, प्रवेश फी भरून.

घरच्या घरी

राज्य शासनाच्या स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत रहस्यकथेला स्वतंत्र विभाग नाही, ही माझी जुनी खंत आहे. तरी कादंबरी किंवा लघुकथा या विभागांत पुस्तक देता येते, आणि द्यावे. प्रवेशिका साहित्य आणि संस्कृती मंडळ मागवते, कोल्हापूरच्या लेखकाला ती जिल्हाधिकारी कार्यालयात देता येते. इथेही कॅलेंडर वर्षच धरतात, त्यामुळे हक्कपानावरची पहिल्या आवृत्तीची तारीख तपासूनच पुस्तक छापायला सोडा. पाकिटावर पुरस्काराचे नाव आणि वर्ष ठळक लिहा आणि पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.