भाताचं मूळ किती अंशांत वळतं?

कर्जत लोकल बदलापूर सोडून पुढे निघाली की रुळांच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं लागतात. सखल खाचरांत जुलैभर गुडघ्याएवढा चिखल असतो, आणि टेकडीच्या उतारावरच्या खाचरांतलं पाणी आठवडाभराच्या उघडिपीतच आटून जातं. पनवेलच्या पुढे पेण-उरणकडे गेलं तर खाडीकाठी खारजमीन लागते. मुंबईहून दोन तासांच्या आत ही तीन शेतं भेटतात, तिन्हींत पीक एकच, भात. पण तिन्हींना हवं असलेलं मूळ मात्र वेगळं.

भाताला सोटमूळ नसतं. दाण्यातून पहिल्यांदा एक बीजमूळ निघतं आणि थोड्याच दिवसांत त्याचं महत्त्व संपतं. खरा कारभार खोडाच्या जमिनीलगतच्या पेरांतून फुटणाऱ्या मुळांचा असतो. लावणीत आवण (वाफ्यात वाढवलेली रोपं) उपटताना यांतली बरीच मुळं तुटतात आणि रोप आठ-दहा दिवस नवी मुळं फोडण्यातच घालवतं. चूड (एकत्र लावायच्या रोपांचा झुबका) अडीच-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल रोवला तर वरच्या पेरातून पुन्हा मुळं काढावी लागतात, फुटवे लांबतात. पेरांतून मुळं फुटण्यासाठी जनुकांचा एक संच लागतो. त्यांतलं सीआरएल-१ हे जनुक २००५ साली सापडलं. ते निकामी झालेल्या रोपाला पेरमुळं येतच नाहीत, एकटं बीजमूळ लोंबत राहतं.

मुळं फुटली, तरी ती कोणत्या कोनात जातील हा प्रश्न उरतोच. मुळाच्या टोकावरच्या टोपीत काही पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की ते पेशीच्या खालच्या बाजूला येऊन बसतात. त्या इशाऱ्यावर ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या अंगाला जास्त जमतं, तिथल्या पेशींची लांबी वाढायची थांबते, वरच्या अंगाच्या पेशी वाढत राहतात आणि टोक खाली वळतं. हे वळण किती तीव्र असेल हे ठरवण्यात डीआरओ-१ या जनुकाचा हात आहे, हे जपानी संशोधक युसाकु उगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं.

हे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. फिलिपाइन्समधल्या किनांडांग पाटोंग या कोरडवाहू भातात ते धडधाकट आहे. आयआर ६४ ही १९८५ साली आलेली, भारतातही खूप पेरली गेलेली जात, आणि तिच्यात याच जनुकातलं डीएनएचं एक अक्षर गळालेलं आहे. भाताच्या जीनोममध्ये, म्हणजे एकूण डीएनएत, सुमारे ३९ कोटी अक्षरं आहेत, त्यांतलं एक. पण जनुक तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचलं जातं. ‘कमल बदक पकड’ या वाक्यातला ‘द’ काढून पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा: ‘कमल बकप कड’. पहिला शब्द शाबूत, पुढचं सगळं निरर्थक. जनुकात असं झालं की लवकरच ‘थांबा’ असा अर्थ लागणारा शब्द अवेळी समोर येतो आणि प्रथिन अर्धवट राहतं. आयआर ६४ ची मुळं म्हणूनच आडवी पसरतात. संकरातून धडधाकट डीआरओ-१ तिच्यात आणल्यावर मुळं खोल गेली आणि कडक दुष्काळातही दाणे भरले. साध्या आयआर ६४ ला त्याच शेतात जवळजवळ काहीच हाती लागलं नाही.

मुळाचा कोन मोजायचा कसा? उपटलं की मुळं तुटतात, धुतलं की एकमेकांना चिकटतात. संशोधकांनी यावर काढलेली युक्ती स्वयंपाकघरात बसेल इतकी साधी आहे: रोप जाळीच्या वाटीत वाढवायचं आणि मूळ जाळीतून कुठे बाहेर पडलं ते पाहायचं.

घरी करून पाहायचं तर अर्धगोलाकार, ८ सेंटिमीटर व्यासाची जाळीची गाळणी घ्या. भोकं किमान २ मिलिमीटरची असावीत. चहाच्या बारीक गाळणीत मुळं अडतात, आतल्या आत वळतात आणि मोजणी फुकट जाते. कडेपासून सरळ खाली ३ सेंटिमीटरवर आतून-बाहेरून रंगाची एक गोल रेघ मारा. वाटी खरोखर अर्धगोल असेल तर मध्यातून निघालेलं मूळ आडव्या रेषेपासून ५० अंशांनी खाली गेल्यास याच रेघेवर बाहेर येतं, कारण ४ सेंटिमीटर त्रिज्येला ५० अंशांच्या साइनने गुणलं की ३.०६ येतात. रेघेच्या खाली निघालेली मुळं खोल, वर निघालेली उथळ.

किराणा दुकानातला तांदूळ उगवणार नाही, भरडताना त्याचा अंकुर निघून गेलेला असतो. उकडाही नको. बियाण्याच्या दुकानातून सालासकट भात आणा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दाणे टाका, तरंगतील ते पोचट म्हणून काढा, बुडालेले स्वच्छ पाण्याने धुवा. २४ तास भिजवून ओल्या फडक्यात आणखी दीड दिवस ठेवलं की मोड येतात. चाळलेल्या मातीने गाळणी भरून ती मातीने भरलेल्या १० लिटरच्या बादलीत कडेपर्यंत पुरा. एका गाळणीत एकच मोडाचा दाणा, बरोबर मध्यात आणि कडेच्या पातळीत, वर मातीचा पातळ थर. दाणा एक सेंटिमीटर जरी खाली गेला तरी ३ सेंटिमीटरच्या रेघेचं गणित बिघडतं.

बादलीला तळाला भोकं हवीत. माती ओली ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. साचलेल्या पाण्यात मुळं हवेच्या शोधात वर राहतात आणि जातीचा स्वभाव झाकला जातो. खिडकीच्या ग्रिलमध्ये पाच-सहा तास ऊन येत नसेल तर प्रयोग करूच नये, सावलीत रोप पानांवर खर्च करतं आणि मुळांवर काटकसर. ३५ ते ४० दिवसांनी बादली पाण्यात बुडवून माती सैल करा आणि गाळणी अलगद उचला. रेघेखालून निघालेल्या मुळांची संख्या एकूण मुळांच्या संख्येने भागली की खोल मुळांचं प्रमाण मिळतं. एकाच जातीच्या दोन रोपांतही बराच फरक पडतो, तेव्हा प्रत्येक जातीच्या पाच तरी गाळण्या लावा. एका गाळणीवरून काढलेला निष्कर्ष गप्पांपुरता ठीक.

मग सगळ्या जातींत डीआरओ-१ घालून टाकावं का? पाण्याच्या बाबतीत उत्तर ‘हो’कडे झुकतं. २०१४ मध्ये तर पाणी भरपूर असलेल्या खाचरातही खोल मुळाच्या वाणाचं उत्पादन वाढलेलं दिसलं. पण रोपाला फक्त पाणी लागत नाही. स्फुरद (फॉस्फरस) मातीत जागचं फारसं हलत नाही आणि ते वरच्या थरात जास्त असतं. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह त्याला धरून ठेवतं, ते वेगळंच. तिथे सुरुवातीपासूनच वरच्या थरात भरपूर मुळं असलेली बरी. कसलाथ या जुन्या भारतीय जातीत हे काम करणारं पीस्टॉल-१ जनुक २०१२ मध्ये ओळखलं गेलं. गंमत अशी की २००५ साली पूर्ण वाचून झालेल्या, जगभर संदर्भ म्हणून वापरल्या गेलेल्या निप्पॉनबारे या जपानी जातीच्या जीनोममध्ये हे जनुक नाहीच. संदर्भग्रंथात जे पानच नव्हतं, ते ग्रंथ कितीही चाळून कसं सापडणार?

खारजमिनीचं गणित आणखी उलटं. मिठाने चिकणमातीची घडण मोडते, ती घट्ट बसते आणि खाली ऑक्सिजन पोचत नाही. तिथे खोल गेलेलं मूळ गुदमरतं. इंडोनेशियाच्या गेमजाह बेटन या भाताची काही मुळं मातीच्या पृष्ठभागावरच पसरतात. त्यामागे डीआरओ-१ च्याच भावंडाचा, सातव्या गुणसूत्रावरच्या क्यूएसओआर-१ या जनुकाचा बिघाड आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा ‘बिघाड’ मुद्दाम दुसऱ्या जातीत आणला, तर खाऱ्या खाचरात उत्पादन वाढलं. दोन्ही जनुकांच्या चालू-बंद जोड्या लावून त्याच गटाने अतिउथळ, उथळ, मध्यम आणि खोल अशा चार कोनांचे वाणही तयार केले. मीठ सोसण्याची बाकी व्यवस्था अर्थात वेगळी. खोडाकडे चढणारं सोडियम वाटेतच परत खेचणारं एसकेसी-१ जनुक बंगालच्या नोना बोकरा भातात सापडलं, त्याचा मुळाच्या कोनाशी संबंध नाही.

हे सगळं जनुकीय रूपांतर न करताही जमतं. आवडत्या जातीशी पुन्हा पुन्हा संकर करायचा, दर पिढीत पानाच्या तुकड्यावरून हवं ते जनुक आलं का ते तपासायचं. पाच वेळा परतसंकर केला की सरासरी ९८.४ टक्के वारसा मूळ जातीचाच उरतो. अडचण उरलेल्या दीड टक्क्याची: हव्या जनुकाच्या शेजारचे नको ते तुकडेही सोबत येतात आणि चवीत, उंचीत किंवा पक्व होण्याच्या दिवसांत खोट दाखवतात.

जनुक बदललं तरी माती आडवी येतेच. वर्षानुवर्षं चिखलणी केलेल्या खाचरात १५-२० सेंटिमीटरखाली नांगरतळाचा घट्ट थर बसतो. मूळ तिथे थबकतं ते निव्वळ कठीणपणामुळे, असा समज होता. २०२१ मध्ये दिसलं की मूळ स्वतःच थांबतं. मुळातून सुटणारा इथिलीन वायू (आंबे पिकवायला वापरतात तोच) सैल मातीत उडून जातो, घट्ट मातीत मुळाभोवती कोंडतो आणि वाढ रोखतो. इथिलीनचा निरोप न कळणारी भाताची रोपं घट्ट मातीतही घुसली. पण चिखलात मुळापर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या पाडायलाही भाताला हाच इथिलीन लागतो.