वशिंडाची उंची आणि मांसाचा मऊपणा

देशी गायीच्या वशिंडात ‘सूर्यकेतू नाडी’ असते, ती सूर्याची ऊर्जा शोषते आणि त्यातून दुधात सोनं उतरतं, हा संदेश ज्याच्या मोबाईलवर आला नाही असा मराठी माणूस विरळाच. अशी नाडी कुठल्याही शरीररचनाशास्त्रात नाही. वशिंड म्हणजे स्नायू आणि थोडी चरबी, एवढंच. तरीही जगात एका ठिकाणी वशिंडाला खरोखर महत्त्व आहे, आणि ते भलत्याच कारणासाठी. ‘मीट स्टँडर्ड्‌स ऑस्ट्रेलिया’ या मांसाच्या प्रतवारीत कापलेल्या जनावराच्या वशिंडाची उंची मिलिमीटरमध्ये मोजतात. वशिंड जितकं उंच, तितकं मांस चिवट असण्याची शक्यता जास्त धरतात. अमेरिकेतल्या ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ या मांसाच्या ब्रँडच्या निकषांत तर दोन इंचांहून उंच वशिंडाला जागाच नाही.

वशिंडाने मांस चिवट होत नाही. ते फक्त जनावराचं कूळ सांगतं.

मांसासाठी पाळलेल्या गुरांची दोन मोठी कुळं आहेत. अँगस, हियरफर्ड, शॉर्टहॉर्न ही बिनवशिंडाची युरोपी गुरं. त्यांचं मांस मऊ, आणि स्नायूंच्या आत चरबीच्या बारीक रेषा, ज्याला ‘मार्बलिंग’ म्हणतात, भरपूर. पण टेक्सास, फ्लोरिडा किंवा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या दमट उन्हात ही जनावरं धापा टाकतात, चरणं कमी करतात, गोचिडांनी बेजार होतात. म्हणून अमेरिकेतल्या पशुपालकांनी दुसऱ्या कुळाची, म्हणजे वशिंडाची, भारतीय वंशाची गुरं आणली. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची जात यांच्या मिश्रणातून ‘ब्राह्मन’ ही जात उभी राहिली आणि 1924 मध्ये तिची संघटना स्थापन झाली. पुढे ब्राह्मन आणि युरोपी जातींचे संकर आले. टेक्सासच्या किंग रँचवर घडवलेली सांता गर्ट्रूडिस म्हणजे तीन-अष्टमांश ब्राह्मन आणि पाच-अष्टमांश शॉर्टहॉर्न. ब्रँगसचं प्रमाणही तेच, फक्त शॉर्टहॉर्नच्या जागी अँगस.

भारतीय वंशाची गुरं ऊन का सोसतात? वशिंडामुळे आणि गळ्याखालच्या लोंबत्या पोळीमुळे अंग थंड राहतं, असं पूर्वी अभ्यासकांनाही वाटे. 1950च्या दशकात लाल सिंधी वळूंचं वशिंड आणि पोळी शस्त्रक्रियेने काढून पाहिली. ऊन सोसण्याच्या ताकदीत फारसा फरक पडला नाही. खरी कारणं दुसरीकडे आहेत. त्यांच्या घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि कातडीच्या पृष्ठभागाजवळ असतात, केस आखूड आणि तुळतुळीत असतात, आणि चयापचय मंद असल्याने अंगात मुळात उष्णताच कमी तयार होते.

आता मांस चिवट का होतं ते पाहू. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

जनावर मेलं तरी त्याचे स्नायू लगेच मरत नाहीत. रक्त थांबतं, ऑक्सिजन संपतो, पण पेशी साठवलेलं ग्लायकोजेन वापरून ऊर्जा बनवत राहतात. त्यातून लॅक्टिक आम्ल साचतं आणि सामू (पीएच) सातवरून साधारण साडेपाचपर्यंत उतरतो. पेशीचं इंधन असलेलं एटीपी संपलं की अ‍ॅक्टिन आणि मायोसिन हे तंतू एकमेकांत अडकून बसतात आणि शरीर ताठ होतं. याच वेळी पेशीतल्या कोठारांमधून कॅल्शियम गळायला लागतं, आणि त्याने कॅल्पेन नावाचं विकर जागं होतं. कॅल्पेन म्हणजे प्रथिनं कापणारी कात्री. ती अ‍ॅक्टिन-मायोसिनला फारसा हात लावत नाही. या तंतूंना ओळीत धरून ठेवणारी डेस्मिन, टायटिन, ट्रोपोनिन-टी ही प्रथिनं ती कापते. आधार सुटले की तंतू सैल पडतात. मांस थंडीत दोन आठवडे टांगून ठेवल्यावर मऊ होतं ते यामुळे; ‘मुरवणं’ म्हणतात ते हेच. काम करता करता कॅल्पेन स्वतःलाही कापत जातं आणि काही दिवसांत निकामी होतं, म्हणजे त्याच्या हाताशी वेळ मोजकाच असतो.

या कॅल्पेनवर लगाम ठेवणारं प्रथिन म्हणजे कॅल्पास्टॅटिन. त्याच्या एका रेणूत रोध करणारे चार भाग असतात, म्हणजे एक रेणू चार कॅल्पेन अडवू शकतो. मेल्यानंतरच्या स्नायूंत कॅल्पास्टॅटिनची सक्रियता भारतीय वंशात जास्त आढळते. मुदत संपेपर्यंत कॅल्पेनचं काम अर्धवटच होतं आणि मांस चिवट राहतं. संकरात ब्राह्मनचा वाटा वाढत जातो तसा मऊपणा उतरत जातो. जिवंतपणी मात्र कॅल्पास्टॅटिन उपयोगी असतं. प्रथिनांची मोडतोड कमी, म्हणजे ती पुन्हा बांधण्याचा खर्च कमी.

आखूड केसांमागची जनुकं वेगळी, कॅल्पास्टॅटिनचं जनुक वेगळं. दोन्ही एकाच जनावरात दिसतात, कारण ती एका कुळातून एकत्र आली. म्हणजे ती वेगळी करता यायला हवीत, आणि निसर्गाने एकदा ते करूनही दाखवलंय. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरची सेनेपोल ही जात बिनवशिंडाची, मऊ मांसाची, तरीही उन्हात सुखी. तिच्यात प्रोलॅक्टिन हार्मोनच्या ग्राहीचं, म्हणजे त्याचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनाचं, जनुक बिघडलेलं आहे. ग्राही अर्धवट बनतो आणि केस अगदी आखूड राहतात. जनुकाची एकच प्रत पुरते. हाच बदल जनुक-संपादनाने केलेल्या गुरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च 2022 मध्ये ‘कमी जोखमीची’ ठरवलं. तेव्हा ‘हवामानबदलाला तोंड देणारी गाय’ असे मथळे झळकले. फायदा खरा आहे, पण शरीराचं तापमान अर्ध्या अंशाच्या आतबाहेर उतरतं, एवढाच. केस आखूड झाल्याने चयापचय बदलत नाही.

मऊपणाच्या बाजूनेही जनुकं निवडता येतात, फक्त वाट थोडी वाकडी आहे. कॅल्पेनच्या जनुकातला जो खुणेचा बदल युरोपी गुरांत उपयोगी ठरला, तो ब्राह्मनमध्ये जवळजवळ सापडतच नाही. त्यामुळे दोन्ही कुळांत चालेल अशी दुसरी खूण शोधावी लागली. वशिंडाच्या मापाची खरी अडचण इथे दिसते. मऊ मांसाची जनुकं असलेलं ब्राह्मन-संकरित जनावरही केवळ वशिंडापायी खालच्या प्रतीत जाऊ शकतं.

मार्बलिंगचं कोडं याहून अवघड आहे. स्नायूंत चरबी साठवायला जास्त खाद्य लागतं, आणि जास्त खाद्य म्हणजे पोटातल्या आंबण्याची जास्त उष्णता. इथे दोन गुण एकाच इंधनावर चालतात, त्यामुळे ते सहज सुटे होणार नाहीत. फ्लोरिडा विद्यापीठाने शुद्ध अँगसपासून शुद्ध ब्राह्मनपर्यंत मधल्या सगळ्या पायऱ्यांचा कळप पाळला आहे, तो हा गुंता सोडवण्यासाठी.

पशुपालकांनी मात्र जनुकांची वाट न पाहता आपला मार्ग काढला आहे. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आई ठेवतात अर्धी ब्राह्मन, अर्धी हियरफर्ड. अंगावरच्या पट्ट्यांमुळे तिला ‘टायगर स्ट्राइप’ म्हणतात. दोन दूरच्या कुळांच्या संकराने येणारा जोम तिच्यात पुरेपूर असतो, ती उन्हात तगते आणि वर्षाला वासरू देते. तिला अँगस वळू दाखवतात. वासरात ब्राह्मनचा वाटा उरतो चौथाई, आणि ती वासरं पुष्टीसाठी उत्तरेला, कमी दमट मैदानांत पाठवली जातात. गैरसोय एकच. अशा गायींपासून तशाच गायी होत नाहीत, म्हणून कोणाला तरी शुद्ध ब्राह्मन आणि शुद्ध हियरफर्ड यांचे कळप वेगळे सांभाळत राहावं लागतं.